गाडीच्या परसेप्शनसाठी न्यूरल नेटवर्क हलकं करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेरा, लिडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारं उपकरण) आणि रडारच्या डेटातून गाड्या, माणसं, लेन ओळखणारी मॉडेल्स गाडीतल्या चिपवर बसवताना विद्यार्थी आणि इंजिनिअर पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढचे कामात अडलेल्यांचे. एके ठिकाणी आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॉडेल हलकं करायची एवढी धडपड कशाला? मोठी चिप लावली की काम भागत नाही का?

काही अंशी भागतं, पण लवकरच भिंत लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. फ्रेम टिपल्यापासून उत्तर हाती येईपर्यंत १०० मिलिसेकंद गेले, तर तेवढ्यात गाडी पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेकचा विचार त्यानंतर सुरू होतो. त्यात कॅमेरे एक नाही, सहा-आठ असतात.

दुसरी अडचण विजेची. मार्क हॉरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानासाठी मांडलेले आकडे आजही डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहेत: ३२-बिट फ्लोटिंग-पॉइंट गुणाकाराला साधारण ३.७ पिकोज्यूल, ८-बिट पूर्णांक गुणाकाराला ०.२ पिकोज्यूल, आणि डीरॅममधून (चिपबाहेरच्या मुख्य मेमरीतून) ३२ बिट वाचायला ६४० पिकोज्यूल. तंत्रज्ञान बदललं की आकडे बदलतात, पण खरा खर्च आकडेमोडीपेक्षा डेटाच्या ने-आणीचा असतो हे चित्र कायम राहतं. या पानावरची बरीचशी उत्तरं शेवटी याच वाक्याशी येऊन थांबतात.

आणि ही सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. एईसी-क्यू१०० या गाड्यांच्या चिपसाठीच्या मानकातल्या ग्रेड २ च्या चिपला उणे ४० ते १०५ अंश सेल्सिअस परिसर-तापमानात चालावं लागतं. बंद डब्यात, अनेकदा पंख्याशिवाय, जास्तीचे वॉट झेपत नाहीत.

२. "हलकं" म्हणजे नेमकं काय मोजायचं? वेट्सची संख्या, फ्लॉप्स की मिलिसेकंद?

मिलिसेकंद. तेही ज्या चिपवर मॉडेल चालणार त्याच चिपवर, एका वेळी एकच फ्रेम देऊन, संपूर्ण पाइपलाइनचे.

वेट्सच्या (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांच्या) संख्येवरून फाइलचा आकार कळतो आणि फ्लॉप्सवरून (एकूण गुणाकार-बेरजांच्या संख्येवरून) आकडेमोड किती ते कळतं. दोन्हींवरून वेगाचा अंदाज बांधणं धोक्याचं. २०१८ च्या शफलनेट व्ही२ या हलक्या नेटवर्कच्या संशोधकांनी दाखवून दिलं की फ्लॉप्स सारखे असलेली मॉडेल्सही प्रत्यक्ष वेगात बरीच वेगळी निघतात, कारण मेमरीची ये-जा आणि समांतर चालण्याची क्षमता फ्लॉप्समध्ये दिसत नाही. हे समजून घ्यायला २००९ मधलं रूफलाइन मॉडेल अजूनही उत्तम. प्रत्येक लेयर (नेटवर्कचा एकेक थर) मेमरीतून आणलेल्या एका बाइटमागे किती आकडेमोड करतो ते काढा. आकडा लहान असेल तर तो लेयर मेमरीवर अडलेला आहे, आणि तिथे गुणाकार कमी करून काहीच हाती लागत नाही.

आणखी एक: एकदम ३२ इमेज देऊन काढलेला "सेकंदाला इतक्या फ्रेम" हा आकडा गाडीच्या कामाचा नाही. रस्त्यावर ३२ फ्रेम साठेपर्यंत थांबता येत नाही.

३. चिपच्या माहितीपत्रकावर लिहिलेले टॉप्स मिळतात का?

पूर्ण क्वचितच मिळतात. टॉप्स म्हणजे सगळे गुणक (चिपमधले गुणाकार करणारे भाग) एकाच वेळी भरलेले असताना सेकंदाला होणारी कमाल आकडेमोड, लाख कोटी क्रियांमध्ये. टेस्लाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या चिपचं उदाहरण घ्या. तिच्या प्रत्येक न्यूरल युनिटमध्ये ९६ × ९६ गुणकांची जाळी आहे आणि घड्याळ २ गिगाहर्ट्झचं. गुणाकार आणि बेरीज या दोन क्रिया धरल्या तर ९,२१६ × २ × २ अब्ज म्हणजे जवळपास ३७ टॉप्स. आता तुमच्या लेयरमध्ये चॅनेलच (वैशिष्ट्यांचे पदर) १६ असतील तर त्या जाळीचा बराच भाग रिकामा बसेल. त्याच चिपच्या प्रत्येक युनिटला ३२ मेगाबाइट एसरॅम (चिपच्या आतली वेगवान मेमरी) दिली आहे, ती डीरॅमकडे कमीत कमी जावं लागावं म्हणून. चिप निवडताना मी टॉप्सच्या आधी आतली मेमरी आणि बँडविड्थ बघायला सांगेन.

४. माझं मॉडेल हळू चालतंय. सुरुवात कुठून करू?

मॉडेलला हात लावण्याआधी प्रोफाइल काढा. कॅमेऱ्याची फ्रेम डीकोड होते, लहान केली जाते, नॉर्मलाइझ होते, ॲक्सिलरेटरच्या (नेटवर्क चालवणाऱ्या खास चिपच्या) मेमरीत जाते, नेटवर्कमधून फिरते, परत येते, मग एनएमएस (एकाच वस्तूभोवतीच्या जास्तीच्या चौकटी, म्हणजे बॉक्स, गाळणं), मग ट्रॅकिंग. प्रत्येक टप्प्याला वेगळं घड्याळ लावा. नेटवर्कचा वाटा अपेक्षेपेक्षा कमी निघणं अगदी नेहमीचं आहे.

फुकटात मिळणारी सुधारणा आधी घ्या. बॅच नॉर्मलायझेशन या मूल्यं एका मापात आणणाऱ्या लेयरचे आकडे मागच्या कन्व्होल्यूशनच्या (इमेजवर छोटी खिडकी फिरवणाऱ्या लेयरच्या) वेट्समध्ये मिसळता येतात. अचूकतेला धक्का लागत नाही आणि एक अख्खा लेयर नाहीसा होतो. सरासरी वजा करून भागायचं नॉर्मलायझेशनही पहिल्या लेयरच्या वेट्समध्ये नेता येतं. फक्त तिथे कडेचं पॅडिंग शून्याचं असेल तर ते सरासरी रंगाचं करावं लागतं, नाहीतर इमेजच्या कडांना उत्तर बदलतं.

मग कंपाइलरचा (मॉडेलपासून चिपवर चालणारी फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा) लॉग वाचा. चिपला न झेपणारा एखादा लेयर, कधी वेगळ्या प्रकारचं रिसाइझ, कधी नवीन ॲक्टिव्हेशन फंक्शन, गुपचूप सीपीयूवर ढकलला जातो. ग्राफचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला डेटा इकडून तिकडे जातो. असा एक लेयर बदलून जेवढा वेळ वाचतो, तेवढा महिनाभराच्या प्रूनिंगने (बिनमहत्त्वाचे वेट्स काढण्याने) वाचेलच असं नाही.

५. इमेज लहान करून दिली की मॉडेल पळतं. एवढा सोपा उपाय असताना बाकीची उठाठेव कशाला?

उपाय सोपा आहे खरा. रुंदी आणि उंची निम्मी केली की कन्व्होल्यूशनचं काम चौथाईवर येतं. किंमत कोण मोजतं ते पाहू.

१९२० पिक्सेल रुंदीचा, १००० पिक्सेल फोकल लेंग्थचा कॅमेरा घ्या, म्हणजे साधारण ८८ अंशांचा. १.७ मीटर उंचीचा माणूस १०० मीटरवर १७ पिक्सेल उंच दिसतो. इमेज निम्मी केली की साडेआठ. नेटवर्कच्या स्ट्राइड ३२ च्या थरात एक घर ३२ पिक्सेलचं असतं, म्हणजे तो माणूस एका घराच्या पाव उंचीचा उरतो. स्ट्राइड ८ च्या थरातही जेमतेम एक घर. जवळच्या ट्रकला काहीच फरक पडत नाही. रिझोल्यूशन कमी केल्याचं नुकसान दूरच्या माणसाला आणि सायकलस्वाराला सोसावं लागतं.

त्यापेक्षा चांगला मार्ग असा: पूर्ण इमेज लहान करून द्या आणि क्षितिजाजवळची मधली पट्टी मूळ रिझोल्यूशनमध्ये वेगळी द्या. दूरचं जे काही असतं ते बहुतेक याच पट्टीत असतं. पण पट्टी कायमची ठरवून टाकू नका. चढ-उतारावर क्षितिज वरखाली होतं. आणि आकाश म्हणून वरचा भाग सरसकट कापला तर सिग्नलजवळ थांबल्यावर दिवाच कापला जातो.

६. क्वांटायझेशन म्हणजे काय, अगदी थोडक्यात?

३२-बिट आकड्यांऐवजी ८-बिट पूर्णांक वापरणं. एका लेयरची मूल्यं ० ते ६ मध्ये असतील तर ८ बिटांतल्या २५६ किमतींवर ती पसरायची. एक पायरी ६ ÷ २५५, म्हणजे साधारण ०.०२४. या पायरीला स्केल म्हणतात, आणि शून्य कुठल्या पूर्णांकावर बसतं त्याला झिरो-पॉइंट. आता त्याच लेयरमध्ये एखादंच मूल्य ६० निघालं आणि तेही सामावून घ्यायचं ठरवलं, तर पायरी दहापट मोठी होते आणि बाकी सगळ्यांचा बारकावा जातो. म्हणून टोकाची मूल्यं किती छाटायची हा क्वांटायझेशनमधला कळीचा निर्णय.

मेमरी चौपट वाचते. रेझनेट-५० या नेहमीच्या मॉडेलचे सुमारे अडीच कोटी वेट्स ३२ बिटांत १०० मेगाबाइट घेतात, ८ बिटांत २५. विजेचा फायदा प्रश्न १ मधल्या आकड्यांवरून कळेलच.

७. ८-बिट केल्यावर डिटेक्टरला एकही वस्तू दिसेना. वेट्स बिघडले का?

बहुधा नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर सविस्तर देतो.

अनेक डिटेक्टर (वस्तू शोधणारी मॉडेल्स) शेवटी बॉक्सचे आकडे आणि क्लासचे (गाडी, माणूस अशा प्रकारांचे) स्कोअर एकाच टेन्सरमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) जोडून बाहेर काढतात. बॉक्सचे आकडे पिक्सेलमध्ये, समजा ० ते ६४०. स्कोअर ० ते १. कंपाइलर त्या जोडलेल्या टेन्सरला एकच स्केल लावतो: ६४० ÷ २५५, म्हणजे एक पायरी अडीच पिक्सेलची. आता ०.९३ हा स्कोअर या पायऱ्यांवर कुठे बसेल? सर्वात जवळची पायरी शून्य. प्रत्येक स्कोअर शून्य होतो, थ्रेशोल्ड (वस्तू आहे असं मानायला लागणारा किमान स्कोअर) कुणीच ओलांडत नाही, आणि बॉक्स जागेवर असूनही यादी रिकामी येते. आतलं नेटवर्क अगदी ठणठणीत असतं.

उपाय: जोडणीच्या आधीच ग्राफ कापा, बॉक्स आणि स्कोअर वेगवेगळे बाहेर काढा, दोन्हींना आपापलं स्केल द्या, आणि पिक्सेलमधलं रूपांतर फ्लोटिंग-पॉइंटमध्ये करा. हाच घोळ मधल्या थरांतही होतो, जिथे दोन शाखा जोडल्या जातात आणि एकीची मूल्यं दुसरीपेक्षा खूप मोठी असतात. तिथे सगळं शून्य होत नाही, फक्त अचूकता हळूच उतरते, त्यामुळे सापडायला जास्त अवघड.

८. ट्रेनिंगनंतर क्वांटायझेशन करू की ट्रेनिंगमध्येच? आणि कॅलिब्रेशनला किती इमेज लागतात?

आधी ट्रेनिंगनंतरचं करून पाहा. त्याला लेबल (माणसाने नोंदवलेली बरोबर उत्तरं) लागत नाहीत आणि काम काही मिनिटांत होतं. वेट्ससाठी प्रत्येक चॅनेलला वेगळं स्केल ठेवा. तेवढ्यावर कन्व्होल्यूशनची बरीच मॉडेल्स नीट बसतात. नाही बसलं तर कोणता लेयर सर्वाधिक बिघडवतो ते एकेक लेयर ८-बिट करून तपासा आणि तेवढेच लेयर १६-बिटमध्ये ठेवा. पहिला आणि शेवटचा लेयर बहुधा त्या यादीत असतात. तरीही कमी पडलं तर क्वांटायझेशन धरून ट्रेनिंग करा. त्यात पुढे जाताना मूल्यं पायऱ्यांवर गोल केली जातात. मागे येताना मात्र गोल करण्याची क्रिया जणू नव्हतीच असं मानून ग्रेडियंट (वेट्स कुठल्या दिशेला बदलायचे ते सांगणारा आकडा) सरळ पुढे दिला जातो, कारण गोल करण्याचा डेरिव्हेटिव्ह जवळपास सगळीकडे शून्य असतो.

कॅलिब्रेशनला, म्हणजे नमुन्याच्या फ्रेम चालवून मूल्यांच्या मर्यादा ठरवायला, सहसा काहीशे फ्रेम पुरतात. संख्येपेक्षा त्या कुठल्या आहेत हे महत्त्वाचं. फक्त दिवसाच्या फ्रेम दिल्या तर मर्यादा दिवसाच्या ठरतात. मग रात्री समोरच्या हेडलाइटचा झोत आला की ॲक्टिव्हेशन (लेयरमधून निघणारी मूल्यं) त्या मर्यादेबाहेर जातात आणि छाटले जातात. रात्र, पाऊस, बोगद्याचं तोंड, ओला चकाकणारा रस्ता, काचेवरचा चिखल, सगळं त्या संचात हवं.

९. प्रूनिंगने ९० टक्के वेट्स शून्य केले. वेग मात्र तसूभरही वाढला नाही. असं का?

कारण शून्याने गुणणं हाही गुणाकारच. वेट्स कुठेही विखरून शून्य झाले तर चिप ते नेहमीसारखे वाचते आणि गुणते. बिनमहत्त्वाचे वेट्स काढायची कल्पना १९८० च्या दशकाअखेरची, यान लकुन आणि सहकाऱ्यांची. साँग हान आणि सहकाऱ्यांनी प्रूनिंग, क्वांटायझेशन आणि हफमन कोडिंग (वारंवार येणाऱ्या मूल्यांना लहान कोड देणं) एकत्र करून अलेक्सनेट हे मॉडेल २४० मेगाबाइटवरून ६.९ वर आणलं होतं. पण ती मुख्यतः साठवणुकीची बचत. विखुरलेल्या शून्यांचा वेगासाठी फायदा घ्यायचा तर हार्डवेअरची साथ लागते. एनव्हिडियाच्या २०२० च्या अँपिअर पिढीपासून चारपैकी दोन शून्य अशी ठरलेली रचना असेल तरच चिप ते गुणाकार वगळते.

साध्या चिपवर वेग हवा असेल तर अख्खे चॅनेल काढा. त्यात दोन अटी. चॅनेलची संख्या ८, १६ किंवा ३२ च्या पटीत ठेवा, नाहीतर ६४ चे ५७ केलेत तरी चिप आत ६४ च भरून घेते. आणि रेसिड्यूअल जोडणीत (लेयरला मिळालेलं त्याच्या उत्तरात मिळवतात तिथे) ज्या शाखांची बेरीज होते, त्यांतून सारखेच चॅनेल निघाले पाहिजेत.

१०. डिस्टिलेशनचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि माझ्या मते या सगळ्या उपायांत हाच सर्वात कमी वापरला जातो. हिंटन, विन्याल्स आणि डीन यांच्या २०१५ च्या लेखाने रूढ केलेली कल्पना अशी: मोठं शिक्षक-मॉडेल प्रत्येक क्लासला किती शक्यता देतं ते पाहून छोटं विद्यार्थी-मॉडेल शिकतं. शिक्षक गाडीत बसायचा नाही, त्यामुळे त्याच्यावर वेळेचं बंधन नाही. तो लिडार वापरू शकतो, पुढच्या फ्रेम बघून मागच्या फ्रेमचं उत्तर सुधारू शकतो. विद्यार्थी फक्त कॅमेऱ्यावर. शिवाय लेबल नसलेले तासन्‌तासांचे व्हिडिओ असे कामी येतात.

डिटेक्शनमध्ये एक खाच आहे. इमेजचा बहुतेक भाग नुसती पार्श्वभूमी असतो. सगळ्या जागांना सारखं वजन दिलं तर विद्यार्थी रस्ता आणि आकाशाची नक्कल करण्यातच मग्न राहतो. वस्तूंच्या आसपासच्या भागाला जास्त वजन द्या. आणि शिक्षकाची चूक विद्यार्थ्यात जशीच्या तशी उतरते हे धरून चाला. शिक्षकाला जे दिसत नाही त्याची हाताने केलेली लेबलं जपून ठेवा.

११. मोबाइलनेटसारखी डेप्थवाइज रचना घेतली की काम झालं का?

कागदावर फायदा मोठा आहे. २५६ चॅनेलवरून २५६ चॅनेलवर नेणाऱ्या साध्या ३ × ३ कन्व्होल्यूशनला ५,८९,८२४ वेट्स लागतात. तेच काम डेप्थवाइज (प्रत्येक चॅनेलवर वेगळं चालणारी) आणि १ × १ (चॅनेल मिसळणारी) अशा दोन पायऱ्यांत केलं तर ६७,८४०, म्हणजे जवळपास नवव्या हिश्श्यात. पण डेप्थवाइज पायरीत आणलेल्या बाइटमागे आकडेमोड फारच थोडी होते, त्यामुळे जीपीयू आणि मोठ्या गुणक-जाळ्यांवर ती मेमरीवर अडते. मोबाइल सीपीयूवर वेगवान ठरलेलं मॉडेल गाडीच्या चिपवर साध्या रेझनेटच्याही मागे पडू शकतं.

क्वांटायझेशनही इथे नाजूक. चॅनेला-चॅनेलांच्या वेट्सच्या मर्यादा खूप वेगळ्या असतात. अख्ख्या लेयरला एकच स्केल लावलं की मोबाइलनेट व्ही२ ची इमेजनेट या चाचणी-संचावरची अचूकता जवळजवळ शून्यावर येते, हे २०१९ मध्ये नागेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आणि लेयरांमध्ये वेट्सच्या मर्यादा समतोल करून ती परतही आणली. ट्रेनिंगला अनेक शाखा आणि चालवताना सगळ्या मिसळून एकच ३ × ३, ही २०२१ च्या रेपव्हीजीजीची वाट मोठ्या गुणक-जाळ्यांना जास्त मानवते.

१२. लिडारसाठी हेच सगळं लागू होतं का?

बरंचसं. पण लिडारमध्ये पहिला शत्रू रिकामी जागा आहे. ६४ किरणांच्या लिडारच्या एका फेरीत साधारण लाखभर पॉइंट येतात, आणि त्यांच्याभोवतीच्या त्रिमिती जाळीतली बहुतांश घरं रिकामी असतात. सगळ्या घरांवर त्रिमिती कन्व्होल्यूशन चालवणं म्हणजे हवेवर आकडेमोड. २०१८ च्या सेकंड या पद्धतीने भरलेल्याच घरांवर काम करणारं स्पार्स कन्व्होल्यूशन आणलं. २०१९ च्या पॉइंटपिलर्सने उंचीचे कप्पे काढून उभे खांब केले, म्हणजे पुढे साधं द्विमिती कन्व्होल्यूशन पुरतं. त्यांनी डेस्कटॉप जीपीयूवर ६२ हर्ट्झ वेग नोंदवला. गाडीच्या चिपला खांबांची पद्धत सहसा सोपी जाते, कारण स्पार्स कन्व्होल्यूशनसाठी लागणारी शोधाशोध सगळ्या ॲक्सिलरेटरना जमत नाही.

क्वांटायझेशनमध्ये पॉइंटचे मूळ आकडे जपा. उणे ७० ते अधिक ७० मीटर ८ बिटांत बसवलं तर एक पायरी ५५ सेंटिमीटरची. माणूस एका पायरीत मावेल. १६-बिट फ्लोटिंग-पॉइंटमध्येही ६४ मीटरपलीकडे पायरी ६ सेंटिमीटरची असते. म्हणून खांबाच्या मध्यापासूनचं अंतर आधी पूर्ण अचूकतेत काढा आणि पुढे ते लहान आकडे द्या.

१३. वरून दिसणारा नकाशा बनवणारी बीईव्ही मॉडेल्स आणि ट्रान्सफॉर्मर चिपवर बसतात का?

बसतात, पण त्यांचा खर्च वेगळ्या जागी असतो. २०२० च्या लिफ्ट-स्प्लॅट-शूटपासूनच्या पद्धतींत प्रत्येक पिक्सेलची वैशिष्ट्यं अंदाजी खोलीनुसार जमिनीवरच्या जाळीत टाकली जातात, आणि ही टाकाटाक मेमरीत विखुरलेली असल्याने अडते. २०२२ च्या बीईव्हीफ्यूजनमध्ये एमआयटीच्या संशोधकांनी एवढीच पायरी ४० पटींहून जास्त वेगवान केली. त्यांच्या युक्तीचा एक भाग अगदी सरळ होता: कॅमेरे गाडीवर पक्के बसलेले असतात, मग कोणता पिक्सेल कोणत्या घरात पडतो ते दर फ्रेमला का काढायचं? तक्ता एकदाच करून ठेवायचा. अपवाद लक्षात ठेवा. काच बदलली, कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट केला, की तो तक्ता नव्याने करावा लागतो. जुना तक्ता राहिला तर मॉडेल पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या जागी बॉक्स काढतं.

ट्रान्सफॉर्मरमध्ये (इमेजच्या तुकड्यांचा एकमेकांशी संबंध जोडणाऱ्या रचनेत) अडचण अशी की खर्च तुकड्यांच्या संख्येच्या वर्गाने वाढतो. १९२० × १०८० ची इमेज १६ × १६ च्या तुकड्यांत कापली की साधारण आठ हजार तुकडे (टोकन), आणि प्रत्येकाने प्रत्येकाकडे पाहायचं तर साडेसहा कोटी जोड्या. म्हणून खिडकीपुरतं पाहणारं स्विन किंवा मोजक्याच बिंदूंकडे पाहणारं डिफॉर्मेबल अटेन्शन. दुसऱ्यातली विखुरलेली वाचनं चिपला झेपतात का ते मॉडेल निवडण्याआधी तपासा. सॉफ्टमॅक्स आणि लेयर नॉर्म या आतल्या पायऱ्या १६-बिटमध्ये ठेवलेले बरे.

१४. डिटेक्शन, लेन आणि रस्त्याचा भाग, तिन्हींना एकच बॅकबोन चालेल?

चालेल, आणि वाचवलेला वेळ खरा असतो, कारण इमेजमधून वैशिष्ट्यं काढणारा बॅकबोन, म्हणजे सर्वात जड भाग, एकदाच चालतो. २०२१ च्या योलोपीने ही तिन्ही कामं एकत्र करून जेटसन टीएक्स२ या छोट्या संगणकावर सेकंदाला २३ फ्रेम गाठल्या. किंमत नंतर कळते: लेनसाठी बॅकबोन पुन्हा ट्रेन केला की पादचाऱ्यांची चाचणी पुन्हा पहिल्यापासून. वेगवेगळ्या टीम असतील तर बॅकबोन गोठवून फक्त हेड (त्या-त्या कामाचं उत्तर देणारा शेवटचा भाग) बदलायची शिस्त आधीच ठरवा.

१५. हलकं केल्यावर एमएपी फक्त अर्ध्या टक्क्याने घसरला. चालेल ना?

एमएपी म्हणजे सगळ्या क्लासची मिळून डिटेक्शनची सरासरी अचूकता, आणि या आकड्यावरून सांगता येत नाही. सर्वात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

समजा चाचणीत १,००० पादचारी आहेत. त्यातले ५० संध्याकाळच्या अंधुक उजेडात, ६० मीटरपलीकडे. मूळ मॉडेल त्यांतले ३० पकडायचं, हलकं केलेलं २० पकडतं. बाकी सगळं तेच. एकूण रिकॉल (पकडलेल्यांचं प्रमाण) एका टक्क्याने उतरला, अहवालात ओळही मिळणार नाही. पण त्या गटातली दिसणारी तिसऱ्या हिश्श्याची माणसं दिसेनाशी झाली. आणि ही नुसती कल्पना नाही. सारा हूकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रूनिंग आणि क्वांटायझेशनमुळे होणारं नुकसान सगळ्यांत सारखं वाटलं जात नाही. सरासरी जवळपास तीच राहते आणि दुर्मीळ, अवघड उदाहरणं आधी जातात.

म्हणून निकाल तुकड्यांत मागा: अंतरानुसार, उजेडानुसार, किती भाग झाकलेला त्यानुसार, क्लासनुसार. व्हीलचेअर, ढकलगाडी, रस्त्यावर आडवं पडलेलं माणूस यांची संख्या चाचणीत इतकी कमी असते की टक्केवारी निरर्थक ठरते; ती उदाहरणं एकेक करून पाहा.

बॉक्सच्या कडाही तपासा. किट्टी या चाचणी-संचात खऱ्या बॉक्सशी गाडीला ०.७ आणि पादचाऱ्याला ०.५ इतकं ओव्हरलॅप पुरतं, त्यामुळे थोडी हललेली कड गुणांत दिसत नाही. पण प्रश्न ५ मधल्या १७ पिक्सेलच्या माणसाचं अंतर उंचीवरून काढत असाल तर एक पिक्सेल कमी मोजला की १०० मीटरचे १०६ होतात.

शेवटी थ्रेशोल्ड. क्वांटायझेशननंतर स्कोअर थोडे सरकतात. जुनाच थ्रेशोल्ड ठेवून "मॉडेल बिघडलं" म्हणण्याआधी तो पुन्हा ठरवा.

१६. सरासरी लेटन्सी (फ्रेमपासून उत्तरापर्यंतचा वेळ) २५ मिलिसेकंद आहे, तरी मधूनच फ्रेम सुटतात. का?

सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला ३३ मिलिसेकंद. सरासरी त्यात बसते, वाईट फ्रेम बसत नाहीत. एनएमएसचा वेळ उमेदवार बॉक्सच्या संख्येवर अवलंबून असतो, म्हणजे चौकात गर्दी असते नेमकी तेव्हाच पाइपलाइन मंदावते. लिडारमध्ये भरलेल्या घरांची संख्या असंच करते. उमेदवारांना वरची मर्यादा घाला, ती गर्दीच्याच फ्रेमवर तपासा. नाहीतर २०२० च्या डीईटीआरपासून सुरू झालेल्या, एनएमएस न लागणाऱ्या पद्धती पाहा.

इतर कारणं: त्याच मेमरीवर चालणारे दुसरे प्रोग्रॅम, आणि चिप तापल्यावर घड्याळ आपोआप मंदावणं. टेबलावर पाच मिनिटं चालवून काढलेला आकडा यातलं काहीच दाखवत नाही. गरम चेंबरमध्ये, बाकी सगळं चालू ठेवून, बराच वेळ चालवा आणि ९९ वा पर्सेंटाइल (शंभरातल्या ९९ फ्रेम ज्याच्या आत येतात तो वेळ) व कमाल, दोन्ही नोंदवा.

१७. प्रत्येक फ्रेम मोठ्या मॉडेलमधून नेलीच पाहिजे का?

नाही. एकाआड एक फ्रेम मोठ्या मॉडेलला आणि मधल्या वेळी ट्रॅकर हा जुना आणि चांगला उपाय आहे. फक्त पार्क केलेल्या गाडीआडून अचानक बाहेर येणाऱ्या मुलाला ट्रॅकर ओळखत नाही, कारण आधी ते कुठेच नव्हतं. समोरच्या कॅमेऱ्यासाठी फ्रेम गाळू नका. बाजूच्या आणि मागच्या कॅमेऱ्यांचा दर वेगानुसार बदला. २०२० मधल्या स्ट्रीमिंग परसेप्शनच्या कामाने मोजमापाची चांगली रीत दिली: मॉडेलचं उत्तर ज्या क्षणी बाहेर येतं, त्या क्षणीच्या जगाशी ते ताडून पाहायचं. असं मोजलं की थोडं कमी अचूक पण वेगवान मॉडेल अनेकदा पुढे जातं.

१८. ४ बिटांवर जाऊ का?

वेट्ससाठी, निवडक लेयरमध्ये, चिप ते खरोखर ४ बिटांत गुणत असेल तर. अनेक चिप ४-बिट वेट्स उलगडून ८-बिटमध्येच गुणतात. तेव्हा मेमरी वाचते, आकडेमोड तेवढीच राहते. लहान वस्तूंच्या हेडला ४ बिट देऊ नका.

१९. सुरक्षा मानकांच्या दृष्टीने हलकं केलेलं मॉडेल नवं मॉडेल धरायचं का?

हो. आयएसओ २६२६२ ची दुसरी आवृत्ती २०१८ ची. ती बिघाडांविषयी आहे. काहीच बिघडलेलं नसताना मॉडेलला माणूस दिसला नाही, हा धोका २०२२ च्या आयएसओ २१४४८ मध्ये येतो. गाड्यांमधल्या एआयसाठी २०२४ मध्ये आयएसओ/पीएएस ८८०० आलं. मूळ ३२-बिट मॉडेलवर गोळा केलेला पुरावा ८-बिट मॉडेलला आपोआप लागू होत नाही. ज्या फाइलमधून गाडीत निर्णय होणार, त्याच फाइलची चाचणी हवी.

२०. वेट्स तेच आहेत, फक्त कंपाइलरची आवृत्ती बदलली. तरीही पुन्हा चाचणी?

तरीही. नवा कंपाइलर वेगळे लेयर एकत्र करतो, बेरजेचा क्रम बदलतो, गोल करण्याची जागा बदलतो. फ्लोटिंग-पॉइंटमध्ये क्रम बदलला की उत्तर शेवटच्या अंकांत बदलतं, आणि थ्रेशोल्डच्या काठावरचा बॉक्स इकडचा तिकडे होतो.

सगळी चाचणी पहिल्यापासून करण्याआधी हे करा. ठरलेल्या काही हजार फ्रेमवर जुन्या फाइलची उत्तरं जपून ठेवा, नव्या फाइलची उत्तरं त्यांच्याशी ताडा, आणि जिथे एखादी वस्तू नव्याने आली किंवा नाहीशी झाली तेवढ्याच फ्रेम वेगळ्या काढा. त्या माणसाने बसून पाहायच्या. नाहीशा झालेल्या वस्तू सगळ्या एकाच प्रकारच्या असतील, म्हणजे फक्त दूरच्या सायकली किंवा फक्त रात्रीचे पादचारी, तर लेयरनिहाय फरक काढून पहिला वेगळा पडलेला लेयर शोधा आणि तेवढाच १६-बिटमध्ये ठेवून पुन्हा कंपाइल करा. सरमिसळ असतील, आणि जितक्या गेल्या तितक्याच नव्या आल्या असतील, तर थ्रेशोल्डच्या काठावरची हालचाल आहे. तेव्हा प्रश्न १५ मधली तुकड्यांची तपासणी नव्या फाइलवर पूर्ण करा आणि मगच ती गाडीत पाठवा.